एका खिडकीची गल्लत आणि ३०० जीबी डेटा गायब : एकाच सर्व्हरवर अनेक डेटाबेस कसे सांभाळायचे?

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. आपल्याकडे तेव्हा १ फेब्रुवारीची पहाट होती, साधारण साडेचारची वेळ.

नेदरलँड्समध्ये गिटलॅब कंपनीचा एक इंजिनिअर उशिरापर्यंत कामाला बसला होता. गिटलॅब म्हणजे प्रोग्रामर लोक आपला कोड जिथे ठेवतात अशी वेबसाइट. त्या दिवशी तिच्या डेटाबेसवर नेहमीपेक्षा जास्त ताण आला होता. डेटाबेसचे सर्व्हर होते दोन. एक मुख्य आणि दुसरा त्याची जशीच्या तशी नक्कल ठेवणारा. ताणामुळे नक्कल मागे पडली होती आणि ती नव्याने सुरू करायची होती. त्यासाठी आधी दुसऱ्या सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर रिकामं करावं लागणार होतं.

भाऊंनी फोल्डर उडवायची कमांड दिली. एक-दोन सेकंद गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण दुसऱ्या नाही, पहिल्या सर्व्हरच्या खिडकीत आहोत.

कमांड लगेच थांबवली. पण तोवर सुमारे ३०० जीबी डेटा उडाला होता. उरला होता साडेचार जीबी.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी कंपनी आहे, बॅकअप असेलच की!

बॅकअपची व्यवस्था होती. रोज बॅकअप घेतला जायचा आणि तो दुसरीकडे साठवला जायचा. पण ती साठवायची जागा उघडून बघितली, तर ती रिकामी होती. रिकामी का होती, तेच आजच्या विषयाचं मर्म आहे, त्यामुळे तिकडे आपण थोड्या वेळाने येऊच.

गिटलॅबकडे निदान दोन सर्व्हर वेगवेगळे होते. आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत, कॉलेजांत, दवाखान्यांत कोपऱ्यात एकच सर्व्हर घरघरत असतो आणि त्याच्यावर तीन-चार डेटाबेस नांदत असतात. कुठला कोणाचा, कुठला चालू, कुठला मेलेला, हे फक्त एका माणसाला माहीत असतं. तो माणूस नोकरी सोडून गेला की खरी मजा सुरू होते.

म्हणून म्हटलं, एकाच सर्व्हरवर अनेक डेटाबेस ठेवायचे म्हणजे नेमकं काय करायचं आणि त्यात कुठे पाय घसरतो, ते जरा नीट समजून घेऊ.

आधी सर्व्हर, इन्स्टॉलेशन आणि डेटाबेस यातला फरक

या तीन शब्दांची बोलताना सरमिसळ होते आणि अर्धे घोटाळे तिथेच होतात.

एखादी चाळ डोळ्यांसमोर आणा. चाळीची इमारत म्हणजे तुमचा सर्व्हर. त्यातली एकेक खोली म्हणजे एकेक इन्स्टॉलेशन, म्हणजे मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल किंवा मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर यांची स्वतंत्रपणे चालणारी एक प्रत. तांत्रिक भाषेत तिला इन्स्टन्स म्हणतात. आणि खोलीतली कपाटं म्हणजे डेटाबेस. एका कपाटात पगाराचे कागद, दुसऱ्यात हजेरीचे.

म्हणजे एका खोलीत अनेक कपाटं बसू शकतात आणि एका चाळीत अनेक खोल्या असू शकतात. पाणी, वीज आणि जिना मात्र सगळ्यांचा एकच. सर्व्हरवर रॅम, प्रोसेसर आणि डिस्क तशीच सगळ्यांची मिळून असते.

मग पहिला प्रश्न असा की नवीन सॉफ्टवेअर आलं तर नवीन खोली घ्यायची, की आहे त्याच खोलीत एक कपाट वाढवायचं?

शक्य असेल तर कपाट वाढवा. खोल्या कमी तेवढी देखभाल कमी. पण चार वेळा नवीन खोली घेण्यावाचून पर्याय नसतो.

पहिली वेळ, एका सॉफ्टवेअरला जुनं व्हर्जन लागतं आणि दुसऱ्याला नवीन. दोन व्हर्जन एका खोलीत राहू शकत नाहीत.

दुसरी वेळ, सॉफ्टवेअर देणारी कंपनी डेटाबेसचा मुख्य पासवर्ड मागते. तुमच्या पगाराच्या कपाटाची किल्ली हजेरीच्या मशीनवाल्याला कशाला द्यायची?

तिसरी वेळ, एक डेटाबेस रात्री बंद करून चालतो, दुसरा चोवीस तास चालू लागतो. खोली एकच असेल तर रिस्टार्ट दोघांनाही सोसावा लागतो.

चौथी वेळ बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा पगाराचा डेटा कोणीतरी चुकून बिघडवला आणि तुम्हाला तो काल दुपारी तीनच्या स्थितीत परत न्यायचा आहे. पोस्टग्रेसमध्ये अशी वेळ मागे नेण्याची सोय आहे, पण ती अख्ख्या इन्स्टन्सला लागू होते. पगार मागे नेला की त्याच खोलीतली हजेरीसुद्धा काल दुपारी तीनवर जाते. ज्या दोन गोष्टी एकत्र मागे नेऊन चालणार नाहीत, त्या एका खोलीत ठेवू नयेत.

पत्ता : एका दारावर दोन पाट्या लागत नाहीत

खोल्या वेगळ्या झाल्या की प्रत्येकीला स्वतःचा नंबर हवा. सर्व्हरवर हा नंबर म्हणजे पोर्ट. मायएसक्यूएल न सांगता ३३०६ घेतो, पोस्टग्रेस ५४३२, एसक्यूएल सर्व्हर १४३३ आणि ओरॅकल १५२१.

एका पत्त्यावरच्या एका पोर्टवर एकच प्रोग्राम बसू शकतो. ३३०६ वर एक मायएसक्यूएल आधीच बसलेला असेल तर दुसरा तिथे सुरूच होणार नाही. त्याला ३३०७ किंवा दुसरा एखादा नंबर द्यावा लागतो.

इथपर्यंत सोपं आहे. पण लिनक्सवर मायएसक्यूएलची एक गंमत आहे, जिने भल्याभल्यांना फसवलंय.

तुम्ही पोर्ट ३३०७ लिहिलं आणि पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' लिहिलं, तर मायएसक्यूएलचा क्लायंट पोर्टकडे बघतच नाही. तो सॉकेट नावाच्या एका फाइलमधून आतल्या आत जोडला जातो आणि ती फाइल बहुतेक वेळा पहिल्या इन्स्टॉलेशनची असते. म्हणजे तुम्ही समजताय की आपण दुसऱ्या खोलीत आहोत, प्रत्यक्षात उभे आहात पहिल्या खोलीत. टेबल उडवायची कमांड तिथेच लागू होते.

उपाय साधा आहे. 'लोकलहोस्ट' ऐवजी आकड्यातला पत्ता लिहायचा, १२७.०.०.१. मग पोर्टचा नंबर पाळला जातो. आणि काहीही उडवण्याआधी डेटाबेसलाच विचारायचं, बाबा रे, तुझं पोर्ट काय आणि तुझं डेटाचं फोल्डर कुठलं? एका ओळीच्या कमांडमध्ये उत्तर येतं.

माहीत नसलेली खोली : २००३ चा स्लॅमर

पत्त्याचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगायला हवी.

मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये एकाच मशीनवर अनेक इन्स्टन्स ठेवायची सोय दिली. पण मग बाहेरून येणाऱ्याला कळणार कसं, की कुठला इन्स्टन्स कुठल्या पोर्टवर बसलाय? त्यासाठी १४३४ या पोर्टवर एक छोटी सेवा बसवली. चाळीच्या दारात बसलेल्या वॉचमनसारखी. तुम्ही नाव सांगा, तो खोलीचा नंबर सांगणार.

या वॉचमनच्या प्रोग्राममध्ये एक दोष निघाला. जुलै २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्तीसुद्धा दिली. पण असंख्य लोकांनी ती बसवलीच नाही.

२५ जानेवारी २००३ ला स्लॅमर नावाचा वर्म इंटरनेटवर सुटला. त्याचा आकार होता अवघा ३७६ बाइट. या लेखातला एखादा लहानसा परिच्छेदसुद्धा त्याहून जास्त जागा घेतो. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना त्याने पकडलेल्या मशीनची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांत, धोक्यात असलेल्या मशीनपैकी ९० टक्के त्याच्या तावडीत गेली. किमान ७५ हजार मशीन. दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडलं. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाच्या बहुतेक एटीएममधून काही काळ पैसे निघेनात.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट ऐका. दुरुस्ती उपलब्ध होती, तरी लोकांनी ती का बसवली नाही? काहींनी आळस केला, हे खरंच. पण कित्येकांना आपल्या मशीनवर एसक्यूएल सर्व्हर आहे हेच माहीत नव्हतं. त्याची एक छोटी फुकट आवृत्ती दुसऱ्याच सॉफ्टवेअरसोबत गुपचूप येऊन बसलेली होती.

आजही तसंच चालतं. हजेरीचं सॉफ्टवेअर घ्या, बिलिंगचं घ्या, बरीचशी आपला डेटाबेस सोबत घेऊन येतात. तुम्ही 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करता आणि चाळीत एक भाडेकरू वाढतो. त्याची नोंद कुठेच नसते.

ज्याची नोंद नाही, त्याला दुरुस्ती मिळत नाही. त्याचा बॅकअपही निघत नाही.

जागा : कोणाचं सामान कुठे

पुढची गोष्ट फोल्डरची. प्रत्येक इन्स्टॉलेशनचं सामान चार प्रकारचं असतं. एक म्हणजे प्रोग्राम, दुसरं सेटिंगची फाइल, तिसरं प्रत्यक्ष डेटा आणि चौथं लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याची रोजनिशी.

हे चारही प्रत्येकाचे वेगळे हवेत, आणि कुठे आहेत ते नावावरून कळायला हवं. प्रोग्राम आणि डेटा तर एका फोल्डरमध्ये कधीच ठेवू नयेत. जुनं व्हर्जन काढायला गेलात आणि डेटाही सोबत गेला, असं होऊ शकतं.

ओरॅकलवाल्यांनी हा त्रास फार आधी भोगला. १९९० च्या दशकात त्यांच्याकडच्या कॅरी मिलसॅप यांनी यावर एक पद्धत लिहून काढली. तिचं नाव ऑप्टिमल फ्लेक्सिबल आर्किटेक्चर. नाव भारदस्त आहे, पण सांगणं साधं आहे. फोल्डर अशा पद्धतीने लावा की नावातच प्रॉडक्ट आणि व्हर्जन कळेल, एका व्हर्जनला हात लावला तर दुसऱ्याला धक्का लागणार नाही, आणि डेटाच्या फाइल प्रोग्रामपासून वेगळ्या राहतील. शिवाय लिनक्सवर ओरॅकल एक 'ओराटॅब' नावाची छोटी फाइल ठेवतो. त्यात प्रत्येक डेटाबेसची एक ओळ असते. डेटाबेसचं नाव काय, त्याचा प्रोग्राम कुठल्या फोल्डरमध्ये आहे, आणि मशीन सुरू झाल्यावर तो आपोआप सुरू करायचा की नाही.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सवर पोस्टग्रेस बसवलात तर ही शिस्त तुम्हाला आयतीच मिळते. आधी पोस्टग्रेसचं फोल्डर, त्यात व्हर्जनचा आकडा, त्यात त्या इन्स्टन्सचं नाव. सेटिंगचं झाड वेगळं, डेटाचं वेगळं, पण दोन्हीकडे क्रम तोच. नवीन इन्स्टन्स बनवला की ५४३२ च्या पुढचं रिकामं पोर्ट त्याला आपोआप मिळतं. आणि 'पीजी एलएसक्लस्टर्स' ही एक कमांड दिली की सगळी यादी समोर येते. व्हर्जन, नाव, पोर्ट, चालू आहे की बंद, मालक कोण, डेटा कुठे, लॉग कुठे.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांना ही शिस्त हाताने पाळावी लागते. पोर्ट, सॉकेट, डेटाचं फोल्डर आणि लॉग या चारही गोष्टी प्रत्येक इन्स्टन्सला वेगळ्या लिहून द्याव्या लागतात. दोन इन्स्टन्सना चुकून एकच डेटाचं फोल्डर दिलं, तर ते मोठ्या संकटाला आमंत्रण आहे.

रॅम : प्रत्येकाला वाटतं, घर माझंच

सगळं नीट बसलं. दोन आठवडे छान चाललं. मग महिनाअखेरीला पगार काढायला बसलात आणि एक डेटाबेस आपोआप बंद पडला. कोणी हात लावलेला नाही, लॉगमध्येही धड काही नाही.

असं का होतं? तर डेटाबेसच्या माहितीपत्रकात रॅमबद्दलचे जे सल्ले असतात, ते डेटाबेस मशीनवर एकटाच राहतो असं धरून दिलेले असतात. मायएसक्यूएलची माहिती सांगते की मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर ८० टक्क्यांपर्यंत रॅम त्याच्या मुख्य साठ्याला देता येते. पोस्टग्रेसची माहिती सुरुवातीला २५ टक्के द्या म्हणते, तेही स्वतंत्र मशीन धरूनच. आणि एसक्यूएल सर्व्हरला तुम्ही मर्यादा घातली नाहीत, तर तो गरजेप्रमाणे जवळजवळ सगळी रॅम घेत जातो.

आता हिशोब करा. १६ जीबी रॅमचा सर्व्हर. दोन मायएसक्यूएल. इंटरनेटवर वाचून दोघांनाही ७० टक्के दिली. म्हणजे ११ आणि ११, एकूण २२ जीबीचं आश्वासन आणि खिशात १६.

दोघेही एकदम भरले की लिनक्सचा गाभा स्वतःला वाचवण्यासाठी एखादा प्रोग्राम मारून टाकतो. तो बहुतेक वेळा सगळ्यात जास्त रॅम खाणारा असतो, म्हणजे तुमचा डेटाबेसच. डेटाबेसच्या लॉगमध्ये याची नीट नोंद सापडत नाही, कारण त्याला शेवटचा शब्द लिहायलाही वेळ मिळालेला नसतो. नोंद सापडते ती सिस्टिमच्या लॉगमध्ये.

म्हणून आधी तीन-चार जीबी ऑपरेटिंग सिस्टिम आणि बाकीच्या कामांसाठी बाजूला काढायची आणि उरलेली वाटायची. प्रत्येक इन्स्टन्सला मर्यादा लिहूनच द्यायची. डिस्कचंही तसंच. एकाच्या लॉगने डिस्क भरली तर चाळीतल्या सगळ्यांचं काम थांबतं. जमलं तर डेटा आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर, नाहीतर डिस्क ८० टक्के भरली की इशारा येईल एवढी तरी सोय.

किल्ल्या : कोणाला कुठपर्यंत

सगळे इन्स्टन्स एकाच ऑपरेटिंग सिस्टिम यूजरच्या नावाने चालवू नका. प्रत्येकाला वेगळा यूजर द्या आणि त्याच्या डेटाच्या फोल्डरला फक्त त्यालाच हात लावता येईल असं करा. मग एका इन्स्टन्समधून कोणी आत घुसलं तरी दुसऱ्याच्या फाइल लगेच त्याच्या हाती लागत नाहीत.

जो डेटाबेस फक्त त्याच सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरला लागतो, त्याला १२७.०.०.१ वरच ऐकायला लावा. बाहेरच्या जगाला त्याचं दारच दिसणार नाही. २००३ मध्ये निदान हजारो मशीन एवढ्यानेच वाचली असती.

आणि सगळीकडे एकच पासवर्ड ठेवू नका. सोय म्हणून ठेवलेला तो एक पासवर्ड चुकीच्या खोलीचं दारसुद्धा उघडतो. पासवर्ड वेगळा असेल तर निदान दार लागतं आणि तुम्हाला कळतं की आपण भलतीकडे आलोय.

आता गिटलॅबचा बॅकअप का रिकामा होता ते

रोजचा बॅकअप 'पीजी डंप' नावाच्या प्रोग्रामने घेतला जायचा. गिटलॅबचा डेटाबेस होता पोस्टग्रेस ९.६. पण बॅकअपचं काम ज्या सर्व्हरवर चालायचं, तिथे पोस्टग्रेसचं डेटाचं फोल्डर नव्हतं. कुठलं व्हर्जन वापरायचं हे त्यांचं पॅकेज त्या फोल्डरमधल्या एका फाइलवरून ठरवायचं. फाइलच सापडली नाही, म्हणून ते मुकाट्याने ९.२ वर गेलं.

आणि पोस्टग्रेसचा नियम असा आहे की जुन्या व्हर्जनचा डंप प्रोग्राम नव्या व्हर्जनच्या डेटाबेसला हात लावत नाही. तो चूक दाखवून थांबतो. रोज थांबत होता.

मग कोणाला कळलं कसं नाही? चूक झाल्याची ईमेल जात होती. पण त्या ईमेलवर आवश्यक ती सही नव्हती, म्हणून समोरचा मेल सर्व्हर त्या परत लावत होता. कोणाच्या इनबॉक्समध्ये काही आलंच नाही. आणि तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असं सगळ्यांना वाटत राहिलं.

गिटलॅब वाचलं ते योगायोगाने. त्याच दिवशी, घटनेच्या सुमारे सहा तास आधी, दुसऱ्याच कुठल्या तरी चाचणीसाठी डेटाबेसची एक प्रत हाताने काढलेली होती. तीच परत बसवली. बसवायला बरेच तास लागले आणि ते काम त्यांनी यूट्यूबवर सगळ्यांसमोर लाइव्ह केलं. लोकांचा कोड वाचला. पण मधल्या सहा तासांतला डेटाबेसमधला मजकूर गेला तो गेलाच. कंपनीच्या अंदाजानुसार ५,००० पर्यंत प्रोजेक्ट, ५,००० पर्यंत कमेंट आणि ७०० पर्यंत नवीन खाती त्यात अडकली.

कंपनीने त्या इंजिनिअरला बळीचा बकरा केलं नाही. उलट सगळा प्रकार स्वतःहून जाहीर लिहिला. त्यांनी ठरवलेल्या सुधारणांमध्ये एक फार साधी होती. प्रत्येक सर्व्हरच्या काळ्या खिडकीत सर्व्हरचं पूर्ण नाव दिसलं पाहिजे, आणि खऱ्या सर्व्हरचा रंग लाल, चाचणीच्या सर्व्हरचा पिवळा.

तुमच्याकडे दोन व्हर्जन एका सर्व्हरवर असतील तर हा बॅकअपचा घोटाळा तुमच्याकडे व्हायला किती वेळ लागेल? बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये नुसतं 'पीजी डंप' किंवा 'मायएसक्यूएल डंप' लिहिलेलं असेल तर कुठल्या व्हर्जनचा प्रोग्राम चालेल ते सिस्टिम ठरवते. त्यामुळे प्रोग्रामचा पूर्ण मार्ग लिहा, व्हर्जनच्या आकड्यासकट. पोर्टही लिहा. काहीही सिस्टिमच्या अंदाजावर सोडू नका.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक जास्तीचा मुद्दा

मायएसक्यूएल ५.७ मध्ये न सांगता जी अक्षरपद्धत मिळायची ती होती 'लॅटिन वन'. तिच्यात देवनागरी बसतच नाही. ८.० पासून ती 'यूटीएफ एट एमबी फोर' झाली, जिच्यात मराठीही बसते आणि इमोजीही. मधल्या काळात जुनी 'यूटीएफ एट' वापरणाऱ्यांचं मराठी नीट राहायचं, कारण देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात आणि तेवढी जागा तिच्यात आहे. इमोजीला चार लागतात, ती तिच्यात बसत नाही.

आता एका सर्व्हरवर ५.७ आणि ८.० दोन्ही आहेत असं समजा. कोणीतरी काहीही न सांगता नवीन टेबल चुकून ५.७ मध्ये बनवलं. सेटिंग ढिलं असेल तर त्यात भरलेल्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठतात. ती परत मराठी होत नाहीत, कारण मूळ अक्षरं साठवलीच गेलेली नसतात. शिवाय ५.७ चा अधिकृत सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलाय. तेव्हा असं जुनं व्हर्जन ठेवावंच लागत असेल तर कोणासाठी आणि कधीपर्यंत, ते लिहून ठेवा.

मग डॉकर वापरला की सगळं सुटतं का?

हा प्रश्न हल्ली हमखास येतो. डॉकर २०१३ मध्ये आला आणि त्याने हे काम खरंच सोपं केलं. प्रत्येक डेटाबेस आपल्या डब्यात, आपल्या व्हर्जनसकट. रॅमची मर्यादाही घालता येते. आत सगळ्यांचं पोर्ट ५४३२ असलं तरी बाहेर वेगवेगळे नंबर देता येतात.

पण डब्याला बाहेरचं फोल्डर किंवा व्हॉल्यूम नीट जोडलेलं नसेल, तर डबा काढून टाकला की डेटाही गेला किंवा कुठल्या तरी निनावी कोपऱ्यात जाऊन बसला. आणि डबे बनवणं इतकं सोपं आहे की नोंद न ठेवलेले भाडेकरू पूर्वीपेक्षा झपाट्याने वाढतात. कुठला डबा कोणाचा, हा प्रश्न डॉकर सोडवत नाही. तो तुम्हालाच सोडवावा लागतो.

सोमवारी ऑफिसला गेल्यावर काय करायचं?

एक साधी एक्सेल शीट उघडा. सर्व्हरवर कुठली पोर्ट ऐकतायत त्याची यादी काढा आणि प्रत्येक डेटाबेस इन्स्टॉलेशनसाठी एक ओळ लिहा. रकाने असे :

- नाव (हजेरी, पगार, वेबसाइट असं कळेल असं, 'टेस्ट २ नवीन' नाही)
- कुठलं प्रॉडक्ट आणि कुठलं व्हर्जन
- पोर्ट
- डेटाचं फोल्डर आणि सेटिंगची फाइल
- किती रॅम दिली
- कोणत्या कामासाठी आणि कोणाला विचारायचं
- बॅकअप कुठे जातो
- तो बॅकअप परत बसवून शेवटचा कधी बघितला

पासवर्ड या शीटमध्ये लिहू नका. आणि शीटची एक प्रत त्या सर्व्हरच्या बाहेर ठेवा, नाहीतर सर्व्हर गेला की यादीही त्याच्यासोबत जाईल.

पहिले सात रकाने अर्ध्या दिवसात भरतील. आठवा रकाना बहुतेकांचा रिकामा राहील. गिटलॅबचाही तोच रिकामा होता.

तो भरायला फार काही लागत नाही. एखादं जुनं मशीन घ्या, कालचा बॅकअप त्याच्यावर बसवा, दोन-चार टेबल उघडून कालच्या नोंदी दिसतायत का बघा, आणि रकान्यात तारीख लिहा. दर महिन्याला एकदा.

हे करून बघितलंत आणि बॅकअप बसलाच नाही, तर घाबरू नका. आज कळलंय ते बरंच झालं. मूळ डेटा अजून जागेवर आहे.